गोंदियात दुर्बीण दुरुस्त करणारं कुणी आहे का?

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आठवडाभर उत्तर शोधतोय.

जूनमध्ये सारस मोजायला पहाटे बांधीच्या धुऱ्यावर उभा होतो. समोर एक जोडी, मला दिसले चार! हसू नका. आदल्या दिवशी दुर्बीण गाडीवरून पडली होती. आतला प्रिझम सरकला की दोन नळ्यांची नजर जुळत नाही, एकाचे दोन दिसतात. मित्राच्या दुर्बिणीतून बघितलं, तेव्हा वहीत दोन लिहिले.

बाजारात फिरलो. चष्मेवाले म्हणाले, आमचं काम नाही. घड्याळवाल्या काकांनी उघडून पाहिली, पण प्रिझमला हात लावला नाही. बरंच झालं, अंदाजाने स्क्रू पिळले असते तर होती ती नजरही गेली असती. कॅमेरावाला म्हणाला, "भाऊ, नागपूरले न्या." म्हणजे लांबचा प्रवास अन् दिवसाची मजुरी बुडाली.

माझी एकटीची दुर्बीण असती तर गप्प बसलो असतो. पण महाराष्ट्रातले बहुतेक सारस आपल्याच भागात उरलेत, तेही इतके थोडे की दोनाची चूक मोठी ठरते. शाळा-कॉलेजातल्या मायक्रोस्कोपच्या भिंगांनाही पावसाळ्यात बुरशी लागतेच. मोजणीआधी वर्षातून एकदा नागपूरचा कारागीर इथे बोलवायला प्रशासनाला काय हरकत आहे? आयटीआयमधल्या दोन पोरांना हे काम शिकवलं तर आणखी उत्तम.

तोवर दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवा, भिंग शर्टाने पुसू नका. आणि कारागीर माहीत असेल तर कळवा.