लॅपटॉप घ्यावा कीं टॅब्लेट?

यंत्र घेण्यापूर्वीं त्याच्याकडून कोणतें काम करून घ्यावयाचें तें ठरवावें, हा उपदेश आम्हीं वर्गांत अनेकदां केला असेल. परंतु तो स्वतः शिकण्यासाठीं आम्हांस एक छायाचित्र गमवावें लागलें.

गेल्या वर्षीं शाळेची सहल अजिंठ्यास गेली. बरोबर आमचे शिपाईमामाही होते. सेवानिवृत्तीपूर्वींचें त्यांचें तें शेवटचें वर्ष. तीस वर्षें त्यांनीं दर सहलीचें सामान मोटारीवर चढविलें आणि फाटकांत उभे राहून हात हालविला. स्वतः मात्र ते कधीं गेले नव्हते. पहिल्या लेण्याच्या ओसरींत टोपी नीट करून ते मुलांच्या घोळक्यांत उभे राहिले आणि आम्हीं त्यांचें छायाचित्र घेतलें. परत आल्यावर कार्ड कॅमेऱ्यांत तसेंच राहिलें. पुढें स्नेहसंमेलनाच्या गडबडींत, सारें उतरवून घेतलें आहे अशा समजुतीनें, आम्हीं तें कोरें केलें व त्यावर नवीं चित्रें घेतलीं. नुसतें कोरें झालेलें कार्ड जाणत्याच्या हातीं दिल्यास जुनीं चित्रें पुष्कळदां परत मिळतात. परंतु त्यांच्या जागीं नवीं बसलीं म्हणजे आशा सरते. पावसाळ्यांत प्रभूनें मामांस आपल्याकडे बोलाविलें. कांहीं दिवसांनीं मामी शाळेंत आल्या व म्हणाल्या, “मास्तर, ह्यांचा लेण्यापुढचा फोटो द्याल का? फार सांगत असत त्याविषयीं.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

वास्तविक अजिंठ्याचा इतिहासच आम्हांस बजावीत होता. १८१९ सालीं जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस हीं लेणीं पडलीं. १८४४ मध्यें तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्याचें काम रॉबर्ट गिल याजकडे सोपविण्यांत आलें. वर्षानुवर्षें खपून त्यानें केलेल्या बहुतेक नकला १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह पुनः नकला केल्या. त्यांपैकींही पुष्कळ १८८५ सालीं लंडनमध्येंच अग्नीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. ही कथा आम्हीं मुलांस लेण्यांत उभे राहून सांगितली, आणि आमच्या खांद्यावरील कॅमेऱ्यांत मात्र एकच प्रत होती!

यंदां सहलीसाठीं एक यंत्र घेण्याचें शाळेनें ठरविलें. लॅपटॉप कीं टॅब्लेट, हा वाद शिक्षकांच्या खोलींत बरेच दिवस चालला. शेवटीं दिवाळीच्या सुट्टींत दोन्ही यंत्रें मागून घेऊन आम्ही वेरुळास जाऊन आलों.

टॅब्लेटनें प्रथम मन जिंकलें. वजन अर्ध्या किलोच्या सुमारास. पुस्तकाप्रमाणें पिशवींत जातो, मोटारींत मांडीवर धरतां येतो आणि लेखणीनें चित्राचा हवा तेवढाच भाग उजळतां येतो. लेण्यांत प्रकाश मंद असतो. अजिंठ्याच्या चित्रांपुढें तर कॅमेऱ्याचा झगमगाट करण्यास मनाईच आहे. म्हणून चित्रें ‘रॉ’ स्वरूपांत घ्यावीं लागतात. त्यांतून सावलींत दडलेला तपशील नंतर वर काढतां येतो. परंतु २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचें असें एक चित्र साधारणपणें २५ ते ३० एमबी जागा घेतें. हजार चित्रें म्हणजे २५ ते ३० जीबी. १२८ जीबीचा टॅब्लेट तीन सहलींत भरून जावयाचा. बाहेरची डिस्क त्यासही जोडतां येते हें खरें. परंतु अधिक जागेचा टॅब्लेट, लेखणी व कळफलक हीं सारीं घेतलीं कीं किंमत लॅपटॉपच्या जवळ पोंचते आणि वजनही किलोच्या घरांत जातें.

लॅपटॉप सव्वा ते दीड किलोचा, शिवाय त्याचा चार्जर. मोटारींत तो उघडणें म्हणजे कसरतच. परंतु मुक्कामाच्या ठिकाणीं मेज मिळालें कीं त्याचा गुण कळतो. शेंकडों चित्रांतून बरीं निवडणें कळफलकावर झपाट्यानें होतें. लाइटरूमची ‘क्लासिक’ आवृत्ति संगणकावरच चालते. आणि वर्षभर मुलांना त्याच यंत्रावर हें वार्षिक अंकाचें कामही करतां येईल.

आम्हीं लॅपटॉप निवडला व त्याबरोबर एक डिस्क घेतली. एकट्यानें गड चढणाऱ्या प्रवाशास आम्ही टॅब्लेटच सुचवूं. शाळेचें काम जतनाचें आहे. आतां नियम असा कीं, रोज रात्रीं दोन प्रती करावयाच्या, डिस्क दुसऱ्याच्या पिशवींत ठेवावयाची, आणि शाळेंत येऊन दोन्ही प्रती पाहिल्याखेरीज कार्ड कोरें करावयाचें नाहीं.

एक गोष्ट मात्र टॅब्लेटच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे. सहलींत आलेल्या एका पालकांच्या मोबाइलमध्यें, मुलांच्या मागें, सावलींत, मामांचा अर्धा चेहरा सांपडला. मागून आणलेल्या त्या टॅब्लेटवरच लेखणीनें आम्हीं तो हलकेच उजळला व छापून मामींकडे नेला. त्यांनीं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, “टोपी त्यांचीच.”

उरलेला अर्धा चेहरा आम्हीं हरवला आहे. मुलांनो, तुमच्या हातून असें होऊं नये, एवढ्यासाठींच हें लिहिलें.