नांदेडहून लातूरला

नांदेड आणि लातूर या मराठवाड्यातल्या दोन जावा. एकीच्या दारातून गोदावरी वाहते. दुसरीला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. एकीकडे गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली देह ठेवला ते तख्त, तर दुसरीकडे सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती गंजगोलाई आणि तुरीचा बाजार. महसूल आयुक्तालय कोणाच्या अंगणात यावे, यावरून या जावांचे जे वाजले ते साऱ्या मराठवाड्याने ऐकले. तरी अडीनडीला दोघी एकमेकींकडे जातात. दुखण्याखुपण्याच्या बाबतीत तर हमखास. नांदेडला १९८८ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला २००२ पासून. त्याच्याही कितीतरी आधी, १९६६ साली, डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी लातुरात विवेकानंद रुग्णालय सुरू केले होते. शहरात शिकलेला डॉक्टर आपण होऊन आमच्या मुलखात येऊन राहतो, याचे त्या काळी लोकांना नवलच वाटले असेल.

गेल्या आश्विनात मी लातूरला निघालो तो मामांसाठी. सकाळची एस.टी. धरली. लोहा मागे पडले, की बालाघाटचे डोंगर जवळ येतात आणि रस्ता अंग चोरून वळू लागतो. दुतर्फा सोयाबीनची काढणी चालली होती. काढलेल्या पिकाच्या गंजीला आमच्याकडे बनीम म्हणतात. अशा ताडपत्रीने झाकलेल्या बनिमी शेताशेतांत बसल्या होत्या. आभाळात एक ढग दिसला, तरी गाडीतले शेतकरी बोलणे थांबवून खिडकीबाहेर पाहत.

अहमदपूरला मामा आणि मामी चढले. मामा बहात्तर वर्षांचे. कोरडवाहू शेतात उभा जन्म गेलेला. कशासाठी निघालो हे त्यांनी गावात कोणालाच सांगितले नव्हते. शेजाऱ्याला म्हणे, "मोतीबिंदू दाखवायला चाललो." चाकूर येईपर्यंत त्यांना दोनदा गाडी थांबवायला लावावी लागली. दुसऱ्या वेळी कंडक्टर काही बोलला नाही. त्याच्याही घरी कोणी म्हातारे माणूस असावे.

दुखणे ज्या ग्रंथीचे होते तिला डॉक्टर प्रोस्टेट म्हणतात. मराठीत पुरःस्थ ग्रंथी. मी मराठीचा मास्तर असल्यामुळे हा शब्द मला फार आवडतो. ग्रीक शब्दाचा अर्थ 'पुढे उभा राहणारा', आणि आमच्या कोशकारांनी नेमका तोच अर्थ संस्कृतातून उचलला. मूत्राशयाच्या तोंडाशी, देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी ती असते. उतारवयात ती वाढते आणि वाट अडवते. बहुतेकांच्या बाबतीत ती वाढ साधी असते. काहींच्या बाबतीत नसते. मामांच्या रक्तातले पीएसए नावाचे द्रव्य सातावर गेले होते. ढोबळ नियम चारच्या आत असावे असा. पण साध्या वाढीनेही ते चढते, जंतुसंसर्गानेही चढते. म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला, आणि तो पाहून सुईने तुकडे काढून तपासायचे ठरवले.

डॉक्टरांपुढे मामा गप्प. रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे, या प्रश्नांना ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहून "बरं हाय" एवढेच म्हणत. शेवटी मामी उसळल्या. "बरं हाय काय? रातीतून पाच डाव उठतेत. आमची अक्का बाईमाणूस असून तपासून घेतली, अन् तुम्ही लाजायलाव!"

ही अक्का म्हणजे मामींची थोरली बहीण, कळंबकडे दिलेली. तिची तपासणी ही एका मोठ्या गोष्टीची एक ओळ आहे, हे मामींना ठाऊक नव्हते.

ती गोष्ट सुरू होते बार्शीला. लातूरहून पश्चिमेला जाणारी छोटी गाडी १९११ पासून बार्शीवरून कुर्डुवाडीला जाई. त्याच बार्शीत, नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात, १९८७ साली भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतल्या खेड्यांत माणसे हिंडू लागली. खेड्यात रोगाची नोंद कागदावर सापडत नाही. ती पारावर, ओसरीवर बसून माणसांच्या बोलण्यातून काढावी लागते. तशी ती काढली. बोलता बोलता लोकांना लक्षणे कळू लागली, आणि रोगी लवकर येऊ लागले.

या पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी उभी राहिली. मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था असे तिघे एकत्र आले. गावांचे ५२ गट पाडले. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. तीन प्रकारच्या तपासण्या तीन भागांत, आणि चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था. एकदाच केलेल्या विषाणू-तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणीच्या भागात ३४,१२६ स्त्रियांत ३४ मृत्यू, चौथ्या भागात ३१,४८८ स्त्रियांत ६४. त्या चौथ्या भागातल्या बायकांना तपासणीविना ठेवणे न्यायाचे होते का, यावर पुढे परदेशांत बराच वाद झाला. तो वाद मला पोकळ वाटत नाही. पण आज जगभर ही तपासणी सुचवतात, त्याच्या आधारांत कळंब-परंड्याच्या बायका आहेत, हेही खरे.

हा निष्कर्ष अमेरिकेतल्या ज्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात आला, त्यात २ एप्रिल २००९ ही तारीख आहे. त्याच्या आधीच्याच आठवड्यात, २६ मार्चच्या अंकात, पुरुषांच्या या दुखण्यावरचे दोन मोठे प्रयोग छापून आले होते. स्त्रियांचा निकाल जितका स्वच्छ, तितका पुरुषांचा गढूळ. युरोपातल्या प्रयोगात ५५ ते ६९ वयाचे १,६२,२४३ पुरुष होते. पीएसए तपासल्याने मृत्यू वीस टक्क्यांनी घटले. पण एक मृत्यू टाळण्यासाठी १,४१० जणांना तपासावे लागले आणि ४८ जणांवर उपचार करावे लागले. अमेरिकेतल्या प्रयोगात तर फरकच दिसला नाही. उरलेल्या सत्तेचाळीस जणांचे काय? त्यांच्यातल्या कित्येकांचा रोग मुंगीच्या पावलाने चालणारा असतो. पण शस्त्रक्रियेनंतर लघवीवरचा ताबा जाणे किंवा पुरुषत्व उणावणे त्यांच्या वाट्याला येऊ शकते.

मामांच्या मनात नेमके हेच होते, हे मला गंजगोलाईत चहा पिताना कळले. त्यांच्या गावच्या एका म्हाताऱ्याचे अंड काढले होते. "बैल खच्ची करतेत तसं केलं त्येला," मामा हलकेच म्हणाले. मी त्यांना सांगितले, की शिकागोच्या चार्ल्स हगिन्सने १९४१ साली दाखवून दिले, की हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. ते तोडले की तो मावळतो. त्याबद्दल १९६६ साली त्याला नोबेल मिळाले. रोग हाडांपर्यंत पसरला असेल तर आता इंजेक्शनेही आहेत, पण वर्षानुवर्षे त्यांचा खर्च न झेपणारे आजही एकदाची ती शस्त्रक्रिया पत्करतात. तो म्हातारा त्यामुळे जगला का, एवढेच मी विचारले. "जगला की. चार वर्सं जगला. पण पारावर येऊन बसला न्हाई." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. संशोधनाच्या तक्त्यांत पारासाठी रकाना नसतो.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा लातूरला गेलो. बारा तुकड्यांपैकी एकात रोग निघाला होता. थोडा, आणि सौम्य जातीचा. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने जोखमीच्या रोग्यांवर किरणोपचाराचा एक प्रयोग केला होता. २२४ रोग्यांत, ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिल्यावर, पाच वर्षांनी रोगाने डोके वर न काढलेल्यांचे प्रमाण ८१ टक्क्यांवरून ९५ वर गेले. २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. तो सारा पसारा मामांना नको, असे डॉक्टर म्हणाले. ब्रिटनमध्ये १,६४३ जणांना तीन वाटांनी नेले होते: शस्त्रक्रिया, किरण आणि नुसती पाळत. पंधरा वर्षांनी तिन्ही वाटांवर या रोगाने दगावलेले शंभरात तीनच्या आसपास. तेव्हा वाट अडल्याच्या त्रासावर रोजची गोळी, आणि रोगावर नजर. दर सहा महिन्यांनी रक्त, गरजेप्रमाणे पुन्हा सुई.

"म्हंजे रोग हाय, पण त्येला औषध न्हाई?" मामांनी पहिल्यांदाच डॉक्टरांकडे थेट पाहिले.

"औषध आहे. आत्ता गरज नाही. वाढला तर लगेच करू."

मामा जरा वेळ टोपी मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "राखण करायची म्हना की."

डॉक्टरांच्या तोंडच्या इंग्रजी शब्दाला मी सकाळपासून मराठी शब्द शोधत होतो. 'सक्रिय निरीक्षण' एवढ्यावर येऊन थांबलो होतो.

"पर राखणीला मानूस जागं पायजे," मामी म्हणाल्या. "तारीख चुकवायची न्हाई."

पुढची तारीख चैत्रात पडत होती. तोवर तुरीचे खळे उरकते, हरभराही घरात येतो, म्हणून मामांची हरकत नव्हती. बाहेर पडताना त्यांनी मला विचारले, की गावातल्या त्या शेजाऱ्यालाही रातीतून चार वेळा उठावे लागते. त्याला यायचे असेल तर नांदेडला दाखवावे, की लातूरला?