आंकड्यांचें कुंपण

सरकारी बंदी म्हणजे अभेद्य तटबंदी, अशी पुष्कळांची समजूत असते. मला मात्र ती आंकड्यांनीं आंखलेल्या कुंपणासारखी वाटते. ऑक्टोबर २०२२ मध्यें अमेरिकेनें चीनला अतिवेगवान संगणक-चिप विकण्यावर निर्बंध घातले. चिपांमधील देवघेवीचा वेग सेकंदास ६०० गिगाबाइट, ही त्यांतील एक मर्यादा. एनव्हिडिया कंपनीची ए१०० ही चिप नेमकी तेथें अडली. कंपनीनें तो वेग ४०० वर उतरविला, मालास ए८०० हें नांव दिलें आणि दुकान पुन्हा मांडलें! गवळ्यानें बेतानें पाणी घालावें, तसाच हा प्रकार. ऑक्टोबर २०२३ मध्यें सरकारनें ही फटहि बुजविली.

विक्रेत्याची युक्ति अशी चालते. पण गिऱ्हाइकानें काय करावें? आम्हां पुणेकरांस ह्याचें एक उत्तर जवळचें आहे. १९८० नंतरच्या दशकांत भारतानें मागितलेला बलाढ्य क्रे महासंगणक अमेरिकेनें नाकारला. हवामानाच्या कामासाठीं कमी शक्तीचा तेवढा दिला. तेव्हां १९८८ मध्यें पुण्यांत सी-डॅक ही संस्था निघाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यांतील प्रोसेसर ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचेच होते, हें अभिमानाच्या भरांत विसरूं नये. बंदी अजस्र यंत्रावर होती. लहान लहान प्रोसेसर जोडून मोठें काम साधण्याच्या विद्येवर नव्हती.

पाणी घातलेलें दूध गोड मानून घ्यावें कीं दारीं गाय बांधावी, हा प्रश्न अशा प्रत्येक गिऱ्हाइकापुढें उभा राहतो. गाय बांधली तरी कडबा बाहेरूनच आणावा लागेल. पण धार काढण्याची कला एकदां घरच्या हातांत आली, कीं ती कोणास हिरावून नेतां येत नाहीं.