दिव्याच्या काचेआडची ओल

पुणतांबा गोदावरीच्या काठी असले तरी पावसाच्या हिशेबाने ते कोरड्या मुलखातले गाव आहे. हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. नदीला पूर आलाच, तर तो बहुधा वर नाशिककडे पडलेल्या पावसाचा असतो. अशा गावात मोटारीच्या दिव्यात पाणी साचावे, हे प्रथम ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. परंतु नांदूर मधमेश्वरहून निघालेल्या कालव्यांनी या परिसरातील शिवार भिजते ठेवले आहे, उसाचे फड थेट रस्त्याला भिडलेले आहेत, आणि हिवाळ्यात पहाटेच्या दवाला इथे तोटा नसतो. दिवसा कडक ऊन, रात्री गारठा. दिव्यात ओल धरायला पाऊसच पडावा लागतो असे नाही. उन्हागारठ्यातील ही तफावतही पुरते.

गावातील एका भुसार व्यापाऱ्याच्या मोटारीचा पुढचा उजवा दिवा एका हिवाळ्यात असाच धुरकटला. दुकानाच्या कामासाठी कोपरगाव, श्रीरामपूर अशा त्याच्या फेऱ्या चालत, आणि परतताना बहुधा रात्र होई. काच पुसूनही धूसरपणा जाईना, तेव्हा ओल आतून आहे हे त्याच्या ध्यानी आले. बाजारपेठेत सल्ल्याला काय कमी! एकाने सांगितले, दिव्याच्या बुडाला बारीक भोक पाडा, पाणी आपोआप निघून जाईल. दुसऱ्याने सिलिकॉनची नळी आणून सगळे सांधे एकदाचे बुजवून टाकायला सांगितले. तिसऱ्याचा सल्ला सर्वांत सोपा आणि सर्वांत खर्चिक होता : पूर्ण दिवाच बदला. तिघांच्याही बोलण्यात सारखाच आत्मविश्वास होता.

गंमत अशी, की ज्या माणसाला हे सल्ले मिळत होते, त्याचा जन्म ओलीशी झगडण्यात गेला होता. वखारीत पोत्यांची थप्पी थेट जमिनीवर लावायची नाही, खाली लाकडी फळ्या घालायच्या. भिंतीपासून हातभर अंतर सोडायचे. पावसाळ्यात स्वच्छ ऊन पडले तरच दारे उघडायची, ढगाळ दिवशी नाही. आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला माल आतून घामेजतो, म्हणून थप्पीला कुठेतरी हवेची वाट ठेवायची. हे सारे त्याला वडिलांनी मिसरूड फुटण्याआधीच शिकवले होते. घरातही तीच दक्षता. चातुर्मास लागला की वडीलधाऱ्या बाईची नजर पापडांच्या डब्यांवर आणि मसाल्यांच्या बरण्यांवर असे, कारण तिच्या लेखी बुरशी ही नुसती नासाडी नव्हती, जीवोत्पत्ती होती. एवढे जाणणाऱ्या माणसाला मोटारीचा दिवा म्हणजेही एक लहानशी वखारच आहे, हे मात्र सुचले नव्हते.

दिवा पेटला की आतली हवा तापते आणि फुगते. तिला बाहेर पडायला जागा नसती, तर तिचा दाब सांध्यांवर आला असता. म्हणून कारखान्यातच दिव्याच्या मागच्या अंगाला हवेची वाट ठेवलेली असते : कुठे रबरी नळीचे खाली वळवलेले टोक, कुठे पाण्याला अडवून हवेला जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याची छोटीशी चकती. दिवा विझला की आतली हवा आकसते, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि तिच्याबरोबर बाष्पही येते. रात्री उघड्यावर असलेली पुढची काच लवकर गार होते, आणि बाष्प तिच्यावर दवासारखे बसते. दिवे लावून थोडा वेळ गाडी चालवली आणि हे धुके कडेकडेने विरत गेले, तर त्याला बिघाड म्हणू नये. पाण्याचे थेंब दिसू लागले, ओघळांच्या रेघा उमटल्या किंवा बुडाशी पाणी हलताना दिसले, तर मात्र ते हवेच्या वाटेने आलेले नव्हे; कुठेतरी गळती आहे.

जुन्या काळी हा प्रश्न जवळजवळ नव्हताच. अमेरिकेत १९४०पासून मोटारींना सीलबंद दिवे सक्तीचे झाले. त्यांत काच, परावर्तक आणि तार यांचा एकच अखंड गोळा असे. तो फुटेपर्यंत आत ओल शिरत नसे, पण तार जळली की सगळा गोळाच फेकावा लागे. बल्ब वेगळा काढता येईल अशा दिव्यांना तिथे १९८३मध्ये परवानगी मिळाली. बल्ब काढता येतो, म्हणजे मागे दार आहे. आणि दार आले की ते नीट लावण्याची जबाबदारीही आली. आजच्या एलईडी दिव्यांची तऱ्हा आणखी निराळी. हॅलोजन बल्बची उष्णता समोरची काच तापवून ओल उडवून लावते. एलईडीची बरीचशी उष्णता मागच्या धातूच्या पंखांतून निघून जाते आणि काच गारच राहते. त्यामुळे नव्या, महागड्या गाडीच्या दिव्यात धुके अधिक वेळ रेंगाळलेले दिसते, आणि मालकाचा जीव उगीच खालीवर होतो.

या व्यापाऱ्याच्या दिव्यात मात्र बुडाशी पाणी होते. आणि काळजीही उगीच नव्हती. ओल्या काचेतून प्रकाश सरळ जात नाही, विखुरतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि स्वतःला रस्ता कमी दिसतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडून गाडी उभी राहीपर्यंत कोरड्या रस्त्यावरही ४० मीटरच्या पुढे अंतर कापले जाते. गळिताच्या हंगामात इथल्या रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. कित्येकांच्या मागे दिवा तर नसतोच, चमकती पट्टीसुद्धा नसते. आणि चातुर्मास संपल्यावर साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. भल्या सकाळच्या अपुऱ्या उजेडात, रस्त्याच्या कडेने, अनवाणी. विहारातील अपघातांच्या वार्तांनी समाज कितीदा हळहळला आहे, हे वेगळे सांगायला नको. दिव्याची काच पुसणे ही त्या दृष्टीने हौसेची बाब राहत नाही.

गॅरेजचा मिस्त्री वयाने तरुण होता, पण धांदरट नव्हता. त्याने आधी विचारले, "शेठ, मधे बल्ब बदलला होता का?" बदलला होता, दिवाळीच्या सुमारास, रस्त्यात, घाईघाईने, कुठल्याशा दुकानासमोर. मिस्त्रीने दिवा बाहेर काढला, आतले पाणी ओतून टाकले, सांध्यांना साबणाचा फेस लावला आणि हवेच्या नळीतून तोंडाने हलकेच फुंकर घातली. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहतो, तीच रीत. काचेच्या कडेला एकही बुडबुडा आला नाही. बल्बमागच्या रबरी टोपीपाशी मात्र फेस फुरफुरला. टोपी बसवताना तिची एक कड आत दुमडली गेली होती. शिवाय हवेची नळी चिखलाने बुजत आली होती. पाणी एका वाटेने आत जात होते, आणि वाफ होऊन बाहेर पडण्याची दुसरी वाट जवळपास बंद होती.

हे पाहिल्यावर बाजारातील तिन्ही सल्ल्यांची किंमत कळते. भोक पाडले असते तर पाणी निघाले असते खरे, पण त्याच भोकातून पुढे धूळ, चिलटे आणि चाकाने उडवलेला चिखल आत गेला असता. सिलिकॉनचा सल्ला तर सर्वांत घातक. त्याच्या काही जाती वाळताना आंबूस वास सोडतात. ते आम्ल असते आणि परावर्तकाचा चंदेरी मुलामा खराब करू शकते. भरीस भर म्हणून उत्साहात हवेची नळीही बुजवली जाते आणि आतली ओल कायमची कैद होते. काचेचा सांधा खरोखरच सुटला असेल, तर तिथे ब्यूटिलची चिकट वातीसारखी पट्टी वापरतात, तीही दिवा पूर्ण सुकल्यावर. नवा दिवा घेण्यात चूक काहीच नव्हती, फक्त त्याची गरज नव्हती. काच तडकली असेल किंवा परावर्तक काळवंडला असेल, तर मात्र पैसे वाचवण्यात अर्थ नसतो.

सुकवण्याचे काम उन्हाने केले. टोपी काढून दिवा दिवसभर ओसरीवर ठेवला, एवढेच. केस वाळवण्याच्या यंत्राने घाई करणारे पुष्कळ आहेत, पण हल्लीची काच खरे तर प्लास्टिकची असते आणि जवळून गरम हवा लागली तर ती वाकते. ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या आत टाकण्याचीही एक पद्धत निघाली आहे. ते दाणे लवकरच भरतात आणि मग निरुपयोगी होतात. सुटलेली पुडी तापलेल्या बल्बला टेकली तर जळतेही. बल्ब परत बसवताना मिस्त्रीने तो स्वच्छ फडक्यात धरला. हॅलोजनच्या काचेला बोटांचे तेल लागले, तर तेवढीच जागा अधिक तापून बल्ब लवकर जातो. टोपीची कड त्याने बोटाने चारी बाजूंनी फिरून तपासली. सुईने नळीतला चिखल काढायला जेमतेम दोन मिनिटे लागली.

गाडी धुणाऱ्याला व्यापाऱ्याने आता एकच ताकीद दिली आहे : पाण्याचा जोरदार फवारा दिव्यांच्या कडांवर धरायचा नाही, आणि दिवे नुकतेच विझवले असतील तर थोडे थांबायचे. मागच्या दिव्यांकडे त्याचे लक्ष उशिरा गेले. तिथे रबरी पट्टी वर्षानुवर्षे उन्हात कडक होते, आणि पाणी दिव्यात न साचता डिकीत उतरते, सुट्या चाकाच्या खळग्यात. धान्याच्या नमुन्यांच्या पिशव्या तो तिथेच ठेवत असे. त्यांना कुबट वास येऊ लागला, तेव्हा त्याने कुणाचाही सल्ला न घेता आधी चटई उचलून पाहिली.