आपाची शेगडी

आपा कुर्ल्याला राहायची. तिथं पाइपचा गॅस. गेल्या वर्षी ती अल्लाहला प्यारी झाली आणि तिची दोन बर्नरची शेगडी राहुरीला आमच्या घरी आली. अम्मीचा हट्ट एकच, रमजानची पहिली सेहरी हिच्यावरच करायची.

मी नळी बदलली, सिलिंडर जोडला. काडी लावताच पिवळी ज्योत भसकन वर आली. चहा होईतो पातेल्याचं बूड काळंकुट्ट. "आपा नाराज है," अम्मी पुटपुटली.

शेगडी दुरुस्त करणाऱ्यानं बर्नर उचलून आतला पितळी जेट दाखवला. पाइपातला गॅस मुख्यतः मिथेन. त्यात उष्णता कमी, दाबही २१ मिलिबारच. म्हणून जेटचं भोक मोठं. सिलिंडरातला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. त्याचा दाब ३० मिलिबार, उष्णता अडीच-तीन पट. मोठ्या भोकातून तो भसाभस येतो, जळायला हवा पुरत नाही. नुसती काजळी नव्हे, विषारी वायूही होतो.

"अन् हा गॅस हवेपेक्षा जड," तो म्हणाला. "गळला तर खाली साचतो."

अम्मी स्वयंपाकघरात जमिनीवर झोपते. शिकलेला मी, हे मला सुचलं नव्हतं.

त्यानं बारीक भोकाचे जेट बसवले, हवेची पट्टी फिरवली, सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला. निळी ज्योत आली. अम्मीचं अंथरूण त्याच रात्री ओसरीवर गेलं.

काढलेले दोन जेट मात्र तिनं टाकू दिले नाहीत. आपाच्या तसबीहच्या डबीत ठेवलेत.