चौथ्या सीटवरून

आमच्या डब्यात आडनावाला काही काम नाही. बाई कुठे उतरते त्यावरून तिचं नाव पडतं. घाटकोपरवाली, भायखळ्याची सिस्टर, दादरला गाडी बदलून पार्ल्याला जाणारी, आणि शेवटपर्यंत बसणाऱ्या आम्ही लास्टवाल्या. (स्टेशनच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, आमच्या तोंडी ते अजून व्हीटीच.) घाटकोपरवालीच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं, नणंदेने तेव्हा साधा फोनसुद्धा कसा केला नाही, मुलाला बारावीला गणितात किती पडले, हे मला तोंडपाठ आहे. ती राहते त्या इमारतीचा रंग कुठला, ते मात्र ठाऊक नाही. तिचं खरं नाव कळलं ते टी.सी.ने पास मागितला तेव्हा, आणि कळल्यावर ती जरा परकीच वाटायला लागली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा घाटकोपरवाली.

डोंबिवलीची सकाळची फास्ट म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून पटायचं नाही. तिघींसाठी केलेल्या बाकावर चौथी बसते, हा तिथला अलिखित कायदा. चौथीचं अर्धं अंग बाकावर, अर्धं वाटेत. पाय तिरके, पर्स मांडीवर, आणि उभ्या बायकांच्या पिशव्या सतत खांद्याला घासत असतात. गर्दी सरकली की चौथी आपोआप उठून परत बसते, झोपेतसुद्धा. खिडकीवाल्या वाऱ्याच्या मालकिणी. त्या कोपरचा वारा संपायच्या आत मान टाकतात. चौथीला झोपून चालत नाही. पण तिला समोरच्या बाकावरचं ऐकू येतं, मागच्या बाकावरचं ऐकू येतं आणि दारात उभ्या असलेल्यांचं भांडणही ऐकू येतं. धावत्या गाडीत उडी मारून जागा धरणं माझ्याच्याने कधी झालं नाही, त्यामुळे मला वर्षानुवर्षं चौथी सीटच मिळत गेली. मला लिहायची सवय लागली ती त्यामुळेच, असं माझं ठाम मत आहे. खिडकी मिळाली असती तर मीही झोपलेच असते.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत भाजी निवडली जाते आणि सकाळच्या गाडीत माणसं. संध्याकाळी मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथीच्या जुड्या सुटतात, मटार सोलले जातात, देठांची पुरचुंडी करून पिशवीत जाते. हात चालू असल्यामुळे बोलणं सावकाश चालतं. सकाळी हात रिकामे असतात. मग ऑफिसातला नवा साहेब, भावजयीने पाठवलेलं हळदीकुंकवाचं वाण, शेजारणीने गॅलरीत टाकलेली लोखंडी जाळी, सगळ्यांचे देठ खुडून होतात. मध्येच टिकल्या-कानातलीवाली येते. तिचा पुठ्ठा हातोहात फिरतो, एखादी जोडी पार्ल्याची कानाला लावून बघते, बाकीच्या एकमताने नको म्हणतात आणि ती तरीही घेते.

पूर्वी आमची गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब आहे. गाडी आत शिरली की चाकांचा खणखणाट भिंतींवरून परत येऊन असा भरायचा की शेजारणीचं बोलणंही ऐकू यायचं नाही. नवख्या बायका ओरडून बोलत राहायच्या. जुन्या मात्र वाक्य जिथे असेल तिथे थांबवायच्या. "आणि मग त्यांनी ती पाटल्यांची डबी उघडली तर–" एवढं बोलून सिस्टर गप्प. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत अंधारात. बाहेर पडल्याबरोबर, उजेड डोळ्यांना सोसायच्या आत, "–रिकामी!" गोष्ट कशी सांगायची हे मला त्या बोगद्याने जितकं शिकवलं तितकं पुस्तकांनी शिकवलं नाही. कुठे थांबलं की ऐकणारा अडकतो, हे तिथे रोज समोर दिसायचं.

विम्याचे एजंट जानेवारीत डायऱ्या वाटतात. जाड पुठ्ठ्याच्या, एका तारखेला एक पान. बहुतेक घरांत त्यांत दूधवाल्याचा हिशेब जातो किंवा मुलांची चित्रं. मी माझी ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवली आणि डबा खाऊन झाल्यावर उरलेल्या वेळात सकाळच्या गाडीतलं बोलणं त्यात उतरवायला लागले. नियम एकच, मला काय वाटलं ते लिहायचं नाही. कोण काय म्हणालं तेवढं. 'गवार तीस रुपये पाव. सिस्टर म्हणाली, आता गवारीचे कानातले करून घालायचे.' 'घाटकोपरवाली आजपासून साखर बंद म्हणते. मागच्या सोमवारीही म्हणाली होती.' 'सिग्नल गेला. ठाण्याआधी अर्धा तास. बाळंतिणीचे लाडू या विषयावर तीन मतं.' लिहायला बसलं की कळतं, सगळ्यांत चांगलं वाक्य आपलं कधीच नसतं. ते कुणीतरी पर्समध्ये सुटे पैसे शोधता शोधता, वर न बघता बोललेलं असतं.

या असल्या उद्योगाला आपल्याकडे भलतंच थोर खानदान आहे. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो 'लीळाचरित्र' तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला, आणि तो आहे तरी काय? चक्रधरस्वामी गेल्यावर त्यांच्या सहवासातल्या माणसांना भेटून, विचारून विचारून, म्हाइंभटांनी गोळा केलेल्या आठवणी. त्यात तत्त्वज्ञान आहेच. पण कोण कुठे बसलं, काय खाल्लं, कुणी रुसलं, कुणाला कशावरून बोलणी बसली, शिकाऱ्यांपासून वाचवलेला ससा कुठे लपला, हेही आहे. पंडिताने पोथ्या सोडून लोकांच्या तोंडचं बोलणं टिपावं, तेही ज्या मराठीत बोललं गेलं त्याच मराठीत, ही केवढी अजब गोष्ट. त्या मंडळींत महदाइसाही होत्या, खोदून खोदून प्रश्न विचारणाऱ्या आणि 'धवळे' रचणाऱ्या. लोकलच्या बायकांच्या डब्यात त्या सहज खपल्या असत्या, असं मला नेहमी वाटतं. टिकल्यांचा पुठ्ठा मात्र त्यांनी पुढे सरकवला असता.

लीळाचरित्रातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही, की एकाच प्रसंगाची आठवण दोघांची वेगळी असली तर तो फरकही चक्रधरांच्या महानुभाव पंथीयांनी टिपून ठेवला. हा असं सांगतो, ती तसं सांगते. पुढे स्वारीच्या धामधुमीत मूळ प्रत गेली, तेव्हा लोकांनी आपापल्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला आणि पाठभेद आणखी वाढले. त्यांना ते झाकावेसे वाटले नाहीत. आपण चार माणसं एकत्र होतो याचा याहून चांगला पुरावा कुठला?

कारण डायरी गाडीत आणून वाचून दाखवायला लागल्यावर आमच्या डब्यात हेच झालं. कुर्ला-दादरमध्ये गाडी रखडली की कुणीतरी म्हणायचं, काढ गं तुझी पोथी. मी दोन-चार नोंदी वाचायचे आणि तिसऱ्या ओळीलाच कुणीतरी हात वर करायचं. "मी असं म्हटलंच नव्हतं." "तू म्हणालीस." "म्हणाले, पण हसत म्हणाले. तू हसत लिहिलं नाहीस." हे शेवटचं वाक्य घाटकोपरवालीचं. लेखनावरची याहून नेमकी टीका मी तरी वाचलेली नाही. हसत कसं लिहायचं, हे अजून शोधतेच आहे. पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले कवी रविवारी चहाला जमून एकमेकांना कविता वाचून दाखवायचे, आणि आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले'मध्ये त्यांची यथेच्छ टर उडवली. आमच्यात वाचणारी आणि टर उडवणाऱ्या एकाच बाकावर, एकमेकींच्या मांडीला मांडी लावून. उठून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे?

जुन्या डायऱ्या चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. काही दिवस मला नियम मोडायची लहर आली होती. तेव्हा निवडणुकांवर, शिक्षणपद्धतीवर, 'हल्लीच्या पिढी'वर पानंच्या पानं मतं मांडली आहेत. ती आता वाचवत नाहीत. मतांइतकी लवकर दुसरी कुठली गोष्ट विटत नसावी. उलट गवारीचा भाव, सिस्टरची पाटल्यांची डबी, दसऱ्याला डबा सजवताना झेंडूच्या माळा कमी पडल्या म्हणून कुणीतरी गजरा सोडून दाराला बांधला ही नोंद, हे सगळं आजही ताजं. त्या दिवशी मोटरमनला पेढा द्यायला धावत गेलेल्या पार्ल्याच्या बाईंची चप्पल रुळांत पडली होती. तीही त्या पानावर आहे, तिचा रंग आणि नंबर यांसकट, कारण पुढे आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. त्या वर्षीच्या डायरीची पुढची पानं कोरी आहेत. कधी कुणाचा फोन नंबर घ्यायची गरज पडली नव्हती, रोज सकाळी भेटायचोच की. कुणाचा नंबर कुणाकडे, तिचा आणखी कुणाकडे, असं करत करत आम्ही एकमेकींना शोधलं आणि एका रविवारी व्हिडिओ कॉल ठरवला. सगळ्या जमल्या, सगळ्या एकदम बोलल्या आणि कुणाचंच कुणाला ऐकू आलं नाही. गाडीतही आम्ही एकदमच बोलतो. तिथे मात्र सगळ्यांचं सगळं ऐकू येतं, वर पुढच्या स्टेशनची घोषणाही. फोनवर एकीचं संपेपर्यंत दुसरीने थांबायचं. हे सभाशास्त्र झालं, गप्पा नव्हेत. शिवाय कुणाचं स्टेशनच येईना. गाडीत गोष्ट रंगात आली की सांगणारीचं स्टेशन येतं, ती गर्दीतून दाराकडे सरकता सरकता शेवट ओरडून सांगते, अर्धा ऐकू येतो, उरलेला उद्या. स्टेशन नसलेल्या गप्पा थांबवायच्या कशा, ते आम्हाला कुणालाच येत नव्हतं. बराच वेळ 'चला मग', 'हो, चला मग' चाललं.

त्या ऑक्टोबरात बायकांना लोकलची मुभा मिळाली, पण गर्दीच्या वेळा सोडून. दुपारच्या रिकाम्या डब्यात मी एकदा जाऊन आले. खिडकी मिळाली. करायचं काय तिचं, ते कळेना.

गाडीबाहेर आम्ही भेटलो तर कशा असतो, याचा अनुभव दरवर्षी दिवाळीत येतो. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान उरकून डोंबिवलीची तरुण मंडळी फडके रोडवर गणपतीच्या देवळापाशी लोटतात. नव्या कपड्यांत, नुसती एकमेकांना भेटायला. आमची पोरं त्या गर्दीत असतात म्हणून आम्हीही कडेकडेने फिरतो. एका वर्षी समोरून पैठणी, नथ, खोपा अशी बाई आली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं, ओळखीचं हसलो आणि पुढे गेलो. चार पावलांवर दोघी एकदम वळलो. सिस्टर! मी तिला युनिफॉर्मच्या पिशवीशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. तिने नवऱ्याशी ओळख करून दिली ती, "ही आमची लिहिणारी," अशी. नवरा बिचारा अदबीने म्हणाला, "अरे वा, कशात छापून येतं?" आम्ही दोघी बघतच राहिलो. छापायचं? उद्या चौघींनी दुरुस्त्या सांगितल्याशिवाय ते पुरं तरी कुठे होतं?

तरी लिहिणाऱ्या बाईबद्दल डब्यात थोडी धास्ती असतेच. फार आतलं काही बोलायचं असलं की बोलणारी आधी माझ्याकडे बघते. मी पर्सची चेन लावते. याचा अर्थ सगळ्यांना कळतो. अशी न लिहिलेली पानं डायरीतल्यापेक्षा जास्तच असतील. एक बाई सबंध पावसाळा रोज कल्याणहून रडत यायची आणि आमच्यात येऊन बसल्यावर डोळे पुसून गवारीचा भाव विचारायची. तिच्याबद्दल डायरीत फक्त भाव आहेत.

गेल्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नासाठी मी रजेवर गेले. घाटकोपरवाली म्हणाली, वही ठेवून जा, मी लिहिते. मला धाकधूक होती. तिला वाटलं, डायरी हरवेल म्हणून, तसं नव्हतं. परत आले तेव्हा तिने ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबर लावून आणून दिली. आत बारीक, तिरप्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'आज लिहिणारी रजेवर. त्यामुळे सगळं खरं लिहिता येईल. पार्ल्याची परत कानातली घेऊन बसली. नको म्हटलं होतं. गाडी वेळेवर. ही नसल्यामुळे चौथ्या सीटवर कोण, यावरून दिवा येईपर्यंत वाद. शेवटी मीच बसले. पाय फार दुखतात तिथे.'

मागची पानं चाळली तर तिने तीही सोडली नव्हती. साखर बंदच्या नोंदीखाली लाल बॉलपेनने लिहिलं होतं: 'गुरुवारपर्यंत पाळली होती. हे का नाही लिहिलं?'