तेल फुटेपर्यंत

बलाचान भाजायचं असेल त्या दिवशी आमच्या घरात आधी कोट हलतात. दारामागच्या खुंट्यांवरचे सगळे कोट झोपायच्या खोलीत जातात, खोलीचं दार बंद होतं आणि दाराखालच्या फटीत टॉवेल बसतो. मग स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायची. बाहेर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा जानेवारी, त्यामुळे मी टोपी घालून स्वयंपाक करते.

बलाचान म्हणजे इवल्या इवल्या कोळंबीला मीठ लावून, आंबवून, कुटून, उन्हात वाळवून केलेली तपकिरी वडी. वापरण्याआधी ती भाजावी लागते. मी वेंगुर्ल्याची. पावसाळ्यात आजी तव्यावर जवळा भाजायची, तेव्हा शेजारपाजारची मांजरं ओटीवर येऊन बसायची. त्यामुळे या वासाला मी घाबरले नाही. पुढे कळलं, की बलाचानची कोळंबी म्हणजे आपल्या जवळ्याच्याच कुळातली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना ही सोयरीक ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पहिल्या वर्षी त्या जिना चढून वर आल्या आणि अगदी सौजन्याने म्हणाल्या, "तुमच्या मोरीचा पाइप तुंबलाय का?"

नवरा मलेशियातल्या पेनांगचा, पुलाऊ टिकुस भागातला. नावाचा अर्थ उंदरांचं बेट, पण वस्ती चांगली आहे. घरात होक्किएन चिनी बोलतात आणि सासूबाईंचं माहेर न्योन्या, म्हणजे पिढ्यान्पिढ्या तिथेच रुजलेल्या आणि मलय चवी, मलय शब्द आपलेसे केलेल्या चिनी लोकांपैकी. नवऱ्याला स्वयंपाक येत नाही. जीभ मात्र आहे. मी सांबल, म्हणजे तिथला मिरचीचा ठेचा, करते, तो चमचाभर चाखतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "अजून नाही." आठवण त्याची, हात माझे, असा हा चौदा वर्षांचा संसार. दुसऱ्याच्या कानाने तंबोरा लावायचा म्हटलं तर काय होईल, तसं काहीसं.

सामान मिळतं, त्याची तक्रार नाही. इथे 'टोको' नावाची दुकानं असतात, इंडोनेशियातून आलेल्या लोकांच्या पिढ्या त्यांवर वाढल्या. पण बरण्यांवरची नावं वसाहतीच्या काळातल्या डच वळणाची. बलाचान मागितलं तर 'त्रासी' पुढे येतं. आल्याच्या जातीचं जे कंदमूळ मलेशियात लेंगकुआस, ते इथे 'लाओस'. माझी गंमत झाली ती धन्याच्या बाटलीपाशी. तिच्यावर 'केतुंबार' लिहिलेलं. केतुंबार आणि कोथिंबीर, दोन्ही संस्कृत कुस्तुंबरीची नातवंडं. 1824 साली इंग्रज आणि डच यांनी लंडनमध्ये करार करून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून रेघ ओढली, अलीकडचं तुमचं, पलीकडचं आमचं. त्या रेघेमुळे मी पेनांगचा स्वयंपाक जाव्याच्या बरण्यांतून करते. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरणीचं राहू दे. त्रासी ओली आहे की कोरडी?"

त्यांच्याकडून शिकायचं म्हणून मी पहिल्यांदा व्हिडिओ कॉलवर वजनकाटा घेऊन बसले होते. मिरच्या किती? अगाक-अगाक. चिंच? अगाक-अगाक. हा मलय शब्द तिथल्या सगळ्या स्वयंपाकघरांचा राजा आहे. अर्थ आपला 'अंदाजाने'. मी हट्टाला पेटले तेव्हा त्यांनी 'दोन मुठी' असं माप दिलं. त्यांची उंची चार फूट दहा इंच, माझी पाच फूट सहा. कुणाची मूठ, हे विचारायचं राहिलं आणि त्या दिवशी आम्ही दोघंही हुंदके देत जेवलो.

पण एका बाबतीत त्या अंदाजावर सोडत नसत. 'पचाह मिन्याक.' तेल फुटलं पाहिजे. आपल्याकडे तेल सुटतं, त्यांच्याकडे फुटतं, एवढाच फरक. आजीही मसाला परतताना 'तेल सुटेस्तोवर' म्हणायची. मला वाटलं, हे तर मला येतंच. येत नव्हतं.

नासी लमाकबरोबरचं सांबल घ्या. नारळाच्या दुधात पांदानचं पान आणि आल्याचा तुकडा घालून भात शिजवला, की तो जवळपास आपला आपण होतो. काकडी, शेंगदाणे, इकान बिलिस नावाचे तळलेले सुके मासे, उकडलेलं अंडं, यांतही काही कसब नाही. सगळी कसोटी सांबलाची. सुक्या मिरच्या बिया झटकून गरम पाण्यात भिजवायच्या, छोटे कांदे, लसूण आणि भाजलेलं बलाचान घालून वाटायच्या. पूर्वी हे बातू गिलिंगवर वाटायचे, म्हणजे थेट आपला पाटा-वरवंटा. आता मिक्सर. मिक्सरला पाणी लागतं, आणि तिथून घोटाळा सुरू होतो. ते पाणी पुढे कढईत बसून आटवावं लागतं.

वाटण तेलात पडलं की आधी नुसती रटरट. वाफ डोळ्यांत जाते, रंग गाजरासारखा नारिंगी, फेस येतो, आणि कच्च्या कांद्याचा वास काही केल्या हटत नाही. दहा मिनिटांनी वाटतं, झालं. झालेलं नसतं. मी वर्षभर इथेच थांबत होते. आच मंद ठेवून उलथनं तळाला घासत राहायचं. विसाव्या मिनिटाच्या आसपास आवाज बदलतो. रटरट जाऊन बारीक चुरचुर ऐकू येते, म्हणजे पाणी संपलं आणि आता मिरची खरोखर तेलात तळली जाऊ लागली. बुडबुडे लहान होतात. नारिंगी रंग विटकरी होतो, मग पिकल्या करवंदाकडे झुकतो. आणि मग एकदम, अक्षरशः फुटल्यासारखं, कडेने लाल तेल वर येतं. उलथन्याने रेघ ओढली तर ती रेघ तेलाने भरते. चिंचेचा कोळ, गूळ, मीठ हे सगळं त्यानंतर. आधी घातलंत तर पुन्हा पाणी आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझं तेल फुटत नव्हतं, कारण मी तेल घालतच नव्हते. दोन चमच्यांत भागवायला बघायची. वाटण तळाला धरायचं, करपायचं, मी पाणी शिंपडायची. सासूबाईंनी एकदा पडद्याला नाक लावून कढईत पाहिलं. "अय्यो, फुटायला आधी तेल असायला तर हवं ना?" त्या दिवशीपासून मी पाऊण वाटी घालते आणि वरचं तेल काढून दुसऱ्या दिवशी त्यात भात परतते. हृदयाची काळजी इतर दिवशी घ्यावी.

मी शहाणपणा केला तो आसाम लाक्सात. पेनांगच्या या आंबट रश्श्यात नारळाचं दूध नसतं. मासा असतो इकान केंबुंग, म्हणजे चक्क आपला बांगडा. इथल्या बाजारात मॅकरल मिळतो तो बहुतेक धुरावलेला, आणि ताजा मिळालाच तर तुपासारखा चरबट. म्हणून आशियाई दुकानातून गोठवलेला बांगडा आणला. आंबटपणाला चिंचेच्या जोडीला आसाम कपिंग लागतं, एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. त्या संपल्या होत्या. वाचून ठाऊक होतं, की ते फळ आणि आपलं आमसूल एकाच वंशातली. मग काय, आईने पाठवलेली सात-आठ आमसुलं टाकली. चव वाईट नव्हती, खरं सांगायचं तर मला आवडली. पण आसाम कपिंग रंग सोडत नाही, आमसूल सोडतं. अननस, पुदिना, जाड शेवया, वरून कोळंबीची काळी गोड हे-को, आणि खाली जांभळट रस्सा. नवऱ्याने डोळे न मिटताच "नाही" म्हटलं.

मिरचीत मात्र माझा शहाणपणा टिकला. मलेशियन सुकी मिरची नेहमी मिळत नाही, तेव्हा मी पुण्याहून आणलेली बेडगी अर्ध्याला अर्धी मिसळते. रंग दाट येतो, जाळ कमी होतो, आणि अधिक मिरची घालता येत असल्यामुळे सांबलाला अंग येतं. हे मी सासूबाईंना कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात त्या तीन आठवडे इथे आल्या. वय शहात्तर. इंडक्शनची काळी काच पाहून म्हणाल्या, "आग कुठाय?" पण दुसऱ्या दिवसापासून शेगडी त्यांची झाली. फडताळातली बेडगी त्यांनी हुंगली, एक मोडून पाहिली आणि काही न विचारता घेतली. मी स्टुलावर बसून नुसती बघत होते. घड्याळाकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मध्येच माझ्याशी बोलताना थांबल्या, कान दिला, आच कमी केली. चुरचुर सुरू झाली होती.

रात्री नवऱ्याने चाखलं. डोळे मिटले. मी श्वास धरला.

"मस्त झालंय, मा. पण लहानपणी वेगळं लागायचं."

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "लहानपणी? लहानपणी मी सांबल कधी करत होते? सकाळी साडेसहाला शाळेत शिकवायला जायचे मी. तुमचं नासी लमाक कोपऱ्यावरच्या बाईकडून यायचं, केळीच्या पानात."

"मग हे सगळं?" मी विचारलं.

"निवृत्त झाल्यावर शिकले. माझ्या आईला विचारून विचारून." त्या हसायला लागल्या. "तीही मेली मापं सांगायची नाही."

नवरा खाली मान घालून जेवत राहिला. त्याने तिसऱ्यांदा भात घेतला.

जाताना त्यांनी सामानातून एक स्वेटर काढून ठेवला आणि त्या जागी अर्धा किलो बेडगी भरली. महिन्याभराने पेनांगहून नणंदेचा फोन आला. सांबल हल्ली तिखटच लागत नाही, तू आईला कसल्या मिरच्या दिल्यास?